पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) काढताय? आधी एवढं बघा

घाबरू नका, एजंट लागत नाही. परदेशासाठीचं पीसीसी पासपोर्ट सेवा पोर्टलवरून काढायचं. फी ५०० रुपये, ठाण्यातलं केंद्र वागळे इस्टेटला. नवखे चुकतात ते इथेच: पोलिसांकडचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घेऊन बसतात. ते सहसा इथल्या नोकरीसाठी. व्हिसाच्या यादीत कोणतं मागितलंय, ते नीट वाचा.

दुसरी गोची पत्त्याची. पासपोर्टवर डोंबिवली आणि राहताय घोडबंदरला? अर्जात आज राहता तोच पत्ता टाका, नोंदणीकृत भाडेकरार जवळ ठेवा. पोलीस ठाण्यातून फोन येऊ शकतो, क्रेडिट कार्डवाले समजून कापू नका (लोक कापतातच!).

- मूळ पासपोर्ट सोबत न्या.
- फार आधी काढू नका. काही देशांना सहा महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही.

अपोस्टिलचं (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) नंतर बघू, आधी हे हातात येऊ द्या.