नायजेरियात संगीत रंगभूमी पुन्हा उभी करायची, तर आधी मंडळी उभी करावी लागेल

आपला प्रश्न असा आहे की, घरोघरी नॉलिवूडचेच, म्हणजे तिथल्या देशी चित्रपट उद्योगाचेच, चित्रपट पाहणाऱ्या नायजेरियात ऑपेरा आणि संगीत रंगभूमी पुन्हा जिवंत करता येईल का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करावी. नोकरीच्या निमित्ताने माझी नऊ वर्षे लागोसमध्ये गेली. एका कारखान्याचा हिशेब पाहणे हे माझे काम होते. नाटक हा माझा व्यवसाय नव्हे. पण मी संगीत नाटकांच्या घरात वाढलो, त्यामुळे लागोसमध्ये सुटी मिळाली की पाय नाट्यगृहाकडे वळत, आणि तिथे जे पाहिले व वाचले त्यावरून हे लिहीत आहे.

शक्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ऑपेरा म्हणजे युरोपातून आणून रुजवायचे रोप, आणि नॉलिवूड हा त्याचा शत्रू, अशी समजूत करून घेतली तर सारा मार्गच चुकतो. युनेस्कोच्या पाहणीनुसार २००६ या एका वर्षात भारतात १,०९१, नायजेरियात ८७२ आणि अमेरिकेत ४८५ चित्रपट तयार झाले. नायजेरियाचे इतके चित्रपट बहुतांशी साध्या व्हिडिओवर काढलेले होते. पण या उद्योगाचा, विशेषतः त्यातील योरुबा या देशाच्या नैऋत्येकडील भाषेच्या शाखेचा, पाया ज्यांनी घातला त्यांतील कितीतरी माणसे संगीत नाटकाच्या फिरत्या मंडळ्यांतून आलेली होती. चित्रपटाने तिथे रंगभूमीला बाहेरून येऊन हरवले नाही. रंगभूमीच चित्रपटात राहायला गेली.

लागोस बेटावर ग्लोव्हर मेमोरियल हॉल नावाचे जुने सभागृह आहे. नायजेरियात पहिल्यांदा हलती चित्रे दाखवली गेली ती याच सभागृहात, ऑगस्ट १९०३ मध्ये. आणि याच सभागृहात १९४४ साली ह्युबर्ट ओगुंडे यांनी आपला पहिला ऑपेरा सादर केला. ओगुंडे तेव्हा पोलीस खात्यात शिपाई होते आणि एबुते मेट्टा भागातील एका आलादुरा, म्हणजे योरुबा ख्रिस्ती लोकांच्या स्वतंत्र पंथाच्या, चर्चमध्ये संगीताचे काम करीत. बायबलमधील एदेनच्या बागेची कथा त्यांनी योरुबा गाण्यांतून आणि योरुबा तालांवर मांडली, आणि ती लोकांना इतकी आवडली की पुढे नोकरी सोडून त्यांनी व्यावसायिक मंडळी काढली. याचा अर्थ असा की चित्रपट त्या शहरात आधी आला आणि व्यावसायिक संगीत रंगभूमी त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी उभी राहिली. चित्रपट आहे म्हणून ऑपेरा होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे सभागृह दाखवतो.

ओगुंडे यांच्यानंतरच्या पिढीतील डुरो लादिपो हे माझ्या दृष्टीने या परंपरेचे शिखर. ते ओशोग्बोचे. चर्चसाठी रचलेल्या ईस्टरच्या संगीतात त्यांनी पारंपरिक ढोल वाजवले, ते तिथल्या मंडळींना रुचले नाही, आणि त्या वादातून त्यांची स्वतंत्र वाट सुरू झाली. १९६३ मध्ये त्यांनी ‘ओबा को सो’ सादर केला. ‘राजाने फास लावून घेतला नाही’ असा त्या नावाचा अर्थ आहे. ओयो या जुन्या योरुबा राज्याचा राजा शांगो, जो पुढे मेघगर्जनेचा देव मानला गेला, त्याची ही कथा. शांगोची भूमिका लादिपो स्वतः करीत, आणि शांगोच्या उपासनेत वाजणारा बाटा हा ढोल त्या प्रयोगाचा कणा होता. हा ऑपेरा १९६४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात आणि १९६५ मध्ये ब्रिटनमधील राष्ट्रकुल कला महोत्सवात झाला. अभ्यासक याला ‘लोक-ऑपेरा’ म्हणतात. मला त्यातले ‘लोक’ खटकते, कारण त्या उपपदाने ही रचना नकळत एक पायरी खाली बसवली जाते. ज्या नाट्यकृतीत कथा आरंभापासून अंतापर्यंत संगीताने पुढे जाते आणि गायक, वादक व नर्तक यांपैकी एकालाही वगळता येत नाही, ती ऑपेराच आहे.

इथे भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पुनरुज्जीवनाची खरी नस मला तिथे दिसते. योरुबा ही स्वरांची भाषा आहे. उंच, मध्यम आणि खालचा अशा तीन पट्ट्यांवर शब्द उच्चारले जातात आणि पट्टी बदलली की अर्थ बदलतो. ‘ओको’ हा शब्द दोन्ही अक्षरे मध्यम ठेवून म्हटला तर नवरा, दुसरे अक्षर उंच नेले तर कुदळ, तेच खाली आणले तर वाहन, आणि दोन्ही अक्षरे खाली ठेवली तर भाला. म्हणून या भाषेत चाल आधी बांधून त्यात शब्द बसवता येत नाहीत. शब्दच चालीला वर-खाली नेतो. मिशनऱ्यांनी इंग्रजी स्तोत्रांच्या चालींवर योरुबा शब्द बसवले, तेव्हा कितीतरी ओळींचा अर्थ बिघडला, आणि त्यातूनच योरुबा ख्रिस्ती संगीतकारांनी देशी चाली रचायला सुरुवात केली. ओगुंडे यांचा ऑपेरा याच धाग्यातून आलेला आहे.

हे सर्व मी पुस्तकात वाचले होते. पण कळले ते एका तालमीत. माझ्या कार्यालयातील एक सहकारी सुरुलेरे भागातील चर्चच्या वृंदात गात असे. त्यांच्या काही मित्रांनी मिळून एक छोटा संगीत प्रयोग बसवायला घेतला होता आणि एका शनिवारी तो मला तालमीला घेऊन गेला. प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, जनरेटर बाहेर धडधडत होता, आणि कोपऱ्यात साठीच्या घरातले एक वादक मांडीवर डुंडुन घेऊन बसले होते. हा ढोल मध्ये निमुळता, आपल्या डमरूच्या आकाराचा पण बराच मोठा असतो. दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या चामड्याच्या वाद्या काखेत दाबल्या की स्वर चढतो, सैल सोडल्या की उतरतो, आणि असा तो बोलतो. नायिका आपल्या नवऱ्याला हाक मारते अशी एक ओळ होती. गाणाऱ्या मुलीचा गळा उत्तम तयार झालेला, पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला. तिने ओळ घेतली आणि शेवटचा स्वर सुंदर वर नेऊन ठेवला. वादकांनी हात थांबवला. काही न बोलता त्यांनी ती ओळ तिने गायली तशीच ढोलावर वाजवली, आणि खोलीतले सगळे हसू लागले, कारण ढोल कुदळीला हाक मारत होता. मग त्यांनी तीच ओळ बोलण्यात जशी येते तशी वाजवली. मुलीने डोळे मिटून दोनदा ऐकली, आणि तिसऱ्यांदा ढोलाबरोबर गायली. संगीतकाराने तिथेच बसून त्या दोन ओळींची चाल बदलली.

अशी परंपरा विस्कटली कशी, हे समजून घेतल्याशिवाय ती उभी कशी करायची ते सांगता येणार नाही. भरभराटीच्या काळात, म्हणजे तेलाच्या पैशाच्या सत्तरच्या दशकात आणि त्याच्या पुढेमागे, योरुबा प्रदेशात फिरत्या मंडळ्यांची संख्या शंभराच्या घरात होती. मंडळीचे नाव रंगवलेली गाडी दुपारी गावात शिरायची, कर्ण्यावरून पुकारा व्हायचा, आणि रात्री शाळेच्या सभागृहात किंवा एखाद्या हॉटेलच्या अंगणात खेळ लागायचा. मालक, त्याच्या बायका, मुले आणि शिकाऊ नट हेच नटसंच, आणि दारावर जमलेले पैसे हेच भांडवल. कोकोचे पीक हाती आले की शेतकऱ्याच्या खिशात पैसा असे, म्हणून दौरे त्या हंगामाला धरून आखले जात. आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांची बिऱ्हाडे ज्यांनी आजोबांकडून ऐकली आहेत, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. या रंगभूमीला सरकारही घाबरत असे. १९६४ मध्ये ओगुंडे यांच्या ‘योरुबा रोनू’ या नाटकामुळे पश्चिम विभागाच्या सरकारने त्यांच्या मंडळीवर बंदी घातली. ती १९६६ मध्ये लष्करी राजवट आल्यावरच उठली.

मग सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हेच मालक चित्रपटाकडे वळले. १९७६ च्या एका योरुबा चित्रपटात लादिपो स्वतः दिसले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ओगुंडे यांनी आपली नाटके पडद्यावर आणली. सुरुवातीला ते चित्रपटही मंडळीसारखेच फिरवले जात. मात्र चित्रफीत महाग आणि नक्कल स्वस्त होती. बाबा साला या नावाने घराघरात ओळखले जाणारे मोझेस ओलाइया यांच्या १९८२ च्या ‘ओरुन मूरू’ या चित्रपटाच्या चोरट्या प्रती बाजारात आल्या आणि ते कर्जात बुडाले. १९८६ नंतरच्या आर्थिक फेररचनेत नायरा या तिथल्या चलनाची किंमत कोसळली, गाडीचे सुटे भाग परवडेनात, आणि शहरांत रात्री घराबाहेर पडणे धोक्याचे झाले. प्रेक्षक घरी बसला, व्हिडिओ घरी पोहोचला, आणि १९९२ मध्ये इग्बो भाषेतल्या ‘लिव्हिंग इन बाँडेज’च्या यशाने पुढचा मार्ग ठरून गेला. नट उपाशी राहिले नाहीत, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मंडळ्या मोडल्या, आणि मंडळीबरोबर वर्षानुवर्षे एकत्र बसून शिकण्याची सवय मोडली.

आजची स्थिती अगदीच निराशाजनक नाही. नायजेरियाचे विख्यात गायक-संगीतकार फेला कुटी यांच्यावरील अमेरिकेतला संगीत प्रयोग २०११ मध्ये लागोसला आला, तेव्हा आपल्या माणसाची कथा एवढ्या थाटात परक्यांनी मांडावी याची बोच अनेकांना लागली, आणि त्याच सुमारास स्थानिक निर्मितीला जोर आला. व्यवसायाने वकील असलेल्या बोलान्ले ऑस्टेन-पीटर्स यांनी २०१३ मध्ये ‘सारो’ आणि २०१५ मध्ये ‘वाका’ हे मोठे संगीत प्रयोग केले. ‘वाका’ २०१६ मध्ये लंडनलाही गेला. २०१७ मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया आयलंडवर सुमारे चारशे खुर्च्यांचे स्वतःचे नाट्यगृह सुरू केले. त्या चित्रपटही करतात, आणि मला हे महत्त्वाचे वाटते, कारण दोन माध्यमांत पैसा आणि माणसे फिरवता येतात हे त्यांनी करून दाखवले आहे. ओनिकान येथील मुसॉन या संस्थेच्या संगीत विद्यालयातून उत्तम गायक तयार होतात, आणि रविवारी लागोसच्या कुठल्याही मोठ्या चर्चमध्ये गेलात तर ऑपेराला लागणारे आवाज रांगेने उभे दिसतील. आवाजांची उणीव त्या देशात नाही.

उणीव आहे ती सातत्याची. मोठे प्रयोग बहुधा डिसेंबरात, परदेशातले नायजेरियन सुटीवर घरी आलेले असताना लागतात. बँका आणि मोबाइल कंपन्या प्रायोजक असतात. तिकिटे सामान्य कुटुंबाला परवडत नाहीत. पुलापलीकडे इकेजाला राहणाऱ्या माणसाला कामावरून सुटल्यावर थर्ड मेनलँड ब्रिजच्या गर्दीतून व्हिक्टोरिया आयलंड गाठायचे, म्हणजे कधी कधी पहिला अंक रस्त्यातच जातो. माझा गेलेला आहे. खेळ थोडे होतात, मग संच पांगतो, आणि पुढच्या वर्षी नव्या संचाबरोबर सारे पहिल्यापासून सुरू होते. त्यात गाणी योरुबात किंवा पिजिन या तिथल्या मिश्र इंग्रजी बोलीत असली तरी संवाद पुष्कळदा इंग्रजीत असतात, आणि वर सांगितलेली शब्द-स्वरांची गुंफण तिथे सैल पडते.

म्हणून माझे म्हणणे असे की, पहिला पैसा इमारतीवर घालू नये. लागोसमधील इगानमूचे राष्ट्रीय नाट्यगृह १९७७ च्या फेस्टॅक या आफ्रिकी कला-संस्कृतीच्या महोत्सवासाठी बांधले गेले, त्याचे मुख्य सभागृह पाच हजार प्रेक्षकांचे, आणि महोत्सव सरल्यावर अनेक दशके ते बांधकाम पडझडीशी झगडत राहिले. आता त्याची दुरुस्ती होऊन त्याला नोबेलविजेते नाटककार वोले सोयिंका यांचे नाव मिळाले आहे, याचा मला आनंद आहे; पण पाच हजार खुर्च्या भरण्यासाठी आधी दोनशे खुर्च्यांत वर्षभर खेळ करणारा संच हवा. दहा-पंधरा गायक आणि पाच-सहा वादक यांना वर्षाचे वेतन द्यावे, तीन-चार छोटे ऑपेरे आळीपाळीने बसवावेत, आणि शनिवार-रविवारी दुपारी, उजेड असताना, सुरुलेरे, इबादान, ओशोग्बो, अबेओकुटा अशा ठिकाणी शाळांच्या सभागृहांत खेळ लावावेत. एखाद्या डिसेंबरच्या प्रयोगाच्या नेपथ्याला आणि जाहिरातीला लागणाऱ्या खर्चात हे कितपत बसेल याचा मी हिशेबनीस म्हणून अनेकदा विचार केला आहे, आणि मला ते अशक्य वाटत नाही.

वादकांबद्दल विशेष आग्रह धरावासा वाटतो. आयान हे ढोलाचे दैवत, आणि ज्यांच्या नावाचा आरंभ ‘आयान’ने होतो ती घराणी पिढ्यान्‌पिढ्या वादकांची. त्यांच्यातल्या ज्येष्ठांना संगीतकाराच्या बरोबरीने बसवावे आणि हाताखाली दोन मुले शिकायला ठेवावीत. नॉलिवूडकडून नट घ्यावेत, कारण ओळखीचा चेहरा पाहायला लोक येतात. मात्र दोन-तीन आठवड्यांत चित्रण उरकण्याची सवय असलेल्या नटाला सहा आठवडे तालमीला बांधून ठेवायचे, तर तसा करार आणि तसा मोबदला आधी ठरवावा लागेल. आणि प्रयोगाचे चित्रीकरण करायचे ते दौरा संपल्यावर करावे. ओरुन मूरूचा धडा तिथे उपयोगी पडेल.

देशाच्या उत्तरेची गोष्ट वेगळी आहे. कानोमध्ये हिंदी चित्रपट अनेक दशके पाहिले गेले, तिथल्या हौसा भाषेतील चित्रपटांत गाणी आणि नाच त्याच ओढीने आले, आणि मी हिंदुस्थानचा आहे हे कळल्यावर तिथल्या एका दुकानदाराने मला चार ओळी गाऊनही दाखवल्या. तिथे संगीत नाटक उभे करायचे तर ते पडद्यावरच्या गाण्यांकडून रंगमंचाकडे असे उलटे यावे लागेल. त्याबद्दल स्वतंत्र प्रश्न विचारलात तर सविस्तर लिहीन.

सुरुलेरेच्या त्या प्रयोगाचे चार खेळ झाले. शेवटच्या खेळाला बसायला जागा नव्हती, लोक खिडक्यांतून पाहत होते, आणि नवऱ्याला हाक मारण्याची ती ओळ आली तेव्हा सभागृहातल्या बायकांनी ढोलाला तोंडाने उत्तर दिले. त्यानंतर संच पांगला. ती मुलगी एका बँकेत लागली, संगीतकार जाहिरातींच्या चाली करू लागला, आणि त्या ज्येष्ठ वादकांना मी पुढे पाहिले ते मुशिन भागातल्या एका लग्नात, पाहुण्यांची स्तुती वाजवून नोटा गोळा करताना. बदललेली चाल कागदावर उतरवली होती का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी ढोल काखेत घेतला आणि ती ओळ वाजवून दाखवली.