इंग्लंडमधल्या ग्रीनस्टेड गावातलं लाकडी चर्च खरंच इ.स. ८४५ मधलं आहे का?

नाही, एसेक्समधल्या या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आज उभ्या असलेल्या लाकडी भिंती अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, साधारण १०६० ते ११०० दरम्यानच्या आहेत. ८४५ हा जुना अंदाज अजूनही छापलेला सापडतो, पण १९९० च्या दशकात ओकच्या खोडांतली वार्षिक वलयं नव्याने तपासली गेली आणि तो मागे पडला. तरीही उभ्या असलेल्या लाकडी चर्चमध्ये ते जगातलं सर्वांत जुनं मानलं जातं, आणि बांधणी तर थक्क करणारी आहे: ओकची खोडं उभी चिरून शेजारीशेजारी रोवलेली, गोल बाजू बाहेर, सपाट बाजू आत, आणि सांध्यांतून वारा येऊ नये म्हणून खाचांत बसवलेल्या लाकडी पट्ट्या. मात्र हे वय फक्त मुख्य दालनाच्या भिंतींचं आहे. वेदीकडचा विटांचा भाग १५०० च्या सुमाराचा. भिंतींखालचा विटांचा पायाही जुना नाही. १८४८ च्या सुमारास डागडुजी करताना खोडांची कुजलेली बुडं कापून तो घातला.