आधी ताईचं अर्धं गाणं पुरं कर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

ताईवर केलेलं तू पाठवलेलं गाणं काल रात्री हेडफोन लावून चार वेळा ऐकलं. ताई जाऊन अजून वर्षही झालेलं नाही, म्हणून लिहायला हात धजत नव्हता. पण तू मत विचारलंस, तर खरं तेच सांगतो. साडेतीन मिनिटांत ‘आठवण’ हा शब्द नऊ वेळा आलाय, आणि ताई मात्र एकदाही भेटत नाही.

मँचेस्टरचा न्यू ऑर्डर हा बँड तू ऐकतोस. त्यांचा आधीचा बँड जॉय डिव्हिजन. १८ मे १९८० ला त्यांच्या गायकाने, इयन कर्टिसने, आत्महत्या केली. वय अवघं २३. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायचं होतं. आपल्यातलं कुणी कमी झालं तर हे नाव लावायचं नाही, असं त्यांचं आधीच ठरलेलं. उरलेल्या तिघांनी तो शब्द पाळला आणि नवं नाव घेतलं. पण १९८१ मध्ये पहिलं गाणं काढलं ते कर्टिस असतानाच बसवलेलं, ‘सेरेमनी’. त्याचे शब्द कुठे लिहून ठेवलेले नव्हते आणि रेकॉर्डिंगमधला आवाज पुसट. त्या तिघांपैकी बर्नार्ड समनरने ते ग्राफिक इक्वलायझरमधून, म्हणजे आवाजाचे जाड-बारीक पट्टे वेगवेगळे कमीजास्त करणाऱ्या यंत्रातून, काढलं आणि कान देऊन शब्द लावले. गेलेल्या मित्राचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकत बसायचं, केवळ त्याने काय म्हटलंय ते कळावं म्हणून! मला यापेक्षा मोठी श्रद्धांजली सुचत नाही.

तुझ्या फोनमध्ये ताईने गुणगुणलेले तुकडे आहेत, मागे पंख्याची घरघर आहे म्हणून ‘वापरता येत नाहीत’ म्हणालास. येतात. इक्वलायझरमध्ये शंभर हर्ट्झच्या खालचा जाड आवाज कापून टाक, मग दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास थोडं उचल, व्यंजनं उघडतील. घरघर पूर्ण जाणार नाही. राहू दे, तो तिच्या खोलीतला पंखा आहे.

आणि तिची लय सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर, त्या ठेक्याच्या आखीव रेघांवर, ओढून सरळ करू नकोस. ती समेवर जरा उशिराच यायची, आपल्या सगळ्यांना माहीत आहे. न्यू ऑर्डरचं ‘ब्लू मंडे’ (१९८३) करताना बँडमधल्या जिलियन गिल्बर्टने सिक्वेन्सरच्या, म्हणजे भरलेले स्वर आपोआप वाजवणाऱ्या यंत्राच्या, नोंदी एकाला एक चिकटवलेल्या लांबच लांब कागदांवर लिहिल्या होत्या. त्या यंत्रात भरताना एक स्वर सुटला, धून ठेक्यापासून किंचित सरकली, आणि तशीच राहिली. आज ती सरकलेली धूनच लोकांच्या कानात बसलीय.

शब्दांची घाई तर मुळीच नको. कर्टिसला वाहिलेली त्यांची ‘एलेजिया’ १९८५ मध्ये आली, म्हणजे पाच वर्षांनी, आणि तिच्यात गाणारा आवाजच नाही. अल्बमवर ती पाच मिनिटांची आहे, मूळची साडेसतरा. ती मूळची ऐक, दिवे बंद करून. कुठेही रडून दाखवलेलं नाही, तरी घसा दाटतो.

तुझ्या गाण्यातली दुसऱ्या मिनिटानंतरची बेसलाइन मला फार आवडली. ती ठेव, बाकीचं सध्या बाजूला कर. आधी त्या तुकड्यांतलं ताईचं अर्धं राहिलेलं गाणं पुरं कर.

रविवारी सकाळी इकडे ये. फोन आणि चार्जर दोन्ही आण. ते तुकडे आधी एका हार्ड डिस्कवर उतरवून घेऊ, मगच कशाला हात लावू. ताईचा आवाज ऐकताना मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबू. काकूला जेवायला तू आहेस असं सांगून ठेवलंय.

तुझा,
काका