स्लॅबसाठी राखेचे सिमेंट: ट्रॉलीतली राख नको, गोणीतली चालेल

आपला प्रश्न असा आहे की, बोदवडजवळ घराचा हजार चौरस फुटांचा स्लॅब घालताना दीपनगरच्या वीजकेंद्राची राख ट्रॉलीने आणून सिमेंटमध्ये मिसळली तर सिमेंट वाचेल का, पर्यावरणाचे काही भले होईल का, आणि ‘राखेचे सिमेंट कच्चे’ हे मिस्त्रींचे म्हणणे खरे आहे का. भुसावळ परिसरात बांधकामांवर देखरेख करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. राख जरूर वापरा, पण ती सिमेंटच्या गोणीतून आलेली असू द्या, असे माझे उत्तर आहे.

सिमेंटचा मूळ घटक क्लिंकर. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून तो बनतो आणि एक टन क्लिंकरमागे साधारण ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला निम्म्याहून अधिक वायू इंधनाचा नसून खुद्द चुनखडीतून सुटलेला असतो, त्यामुळे भट्टीचे इंधन बदलले तरी तो टळत नाही. क्लिंकरच कमी वापरावा लागतो. तुमच्या स्लॅबची जाडी पाच इंच धरली तर साधारण ७५ गोण्या सिमेंट लागेल. गोणीत ३० टक्के राख असलेले पीपीसी (पोर्टलँड पॉझोलाना सिमेंट, म्हणजे कारखान्यात राख मिसळलेले सिमेंट) घेतले, तर सुमारे ११०० किलो क्लिंकर वाचतो, म्हणजे जवळजवळ एक टन कार्बन डायऑक्साइड. एका घराच्या एका स्लॅबसाठी हे थोडके नाही.

राख म्हणजे नुसती भर नव्हे. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना मोकळा चुना तयार होतो. राखेतील सिलिका सावकाश त्या चुन्याशी जुळते आणि त्यातून तोच चिकट पदार्थ तयार होतो, ज्याने खडी-वाळू एकत्र धरून ठेवलेली असते. काँक्रीटची छिद्रे बुजतात, पाणी कमी झिरपते, शिवाय उष्णताही कमी सुटते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा ही गोष्ट फार उपयोगाची ठरते.

मात्र ही राख वीजकेंद्राच्या धुराड्यापूर्वीच्या यंत्रणेत कोरडी पकडलेली असावी लागते. ती चिमटीत घेतली तर टाल्कम पावडरीसारखी लागते. तळ्यात पाण्याबरोबर सोडलेली राख बोटांना खरखरीत लागते. ती जाडी-भरडी, ओली आणि दर ट्रॉलीला वेगळी असते. न जळलेला कोळसा त्यात जास्त असला तर काँक्रीट पाणीही जास्त मागते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात सिमेंटच्या काही भागाऐवजी राख वापरण्यास मुभा आहे, परंतु ती सिमेंटमध्ये एकसारखी मिसळली जाईल याची खात्री हवी. ते काम घमेल्याने आणि फावड्याने होत नाही. पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के राख कारखान्यातच मिसळलेली असते, म्हणून त्यात वरून आणखी राख टाकण्याचा मोह धरू नये. तळ्यातील राख विटांना किंवा भरावाला जाऊ द्या.

आता मिस्त्रींचे म्हणणे. ते अर्धे खरे आहे. राखेची क्रिया सावकाश चालते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात हे काँक्रीट साध्या ओपीसीच्या, म्हणजे राख न मिसळलेल्या सिमेंटच्या, मागे असते, मात्र पुढे कित्येक आठवडे ते बळ धरत राहते. पण स्लॅबवर पाणी मारणे लवकर थांबवले तर ही क्रिया अर्धवटच राहते. माझ्या वडिलांच्या घराच्या गच्चीवर मी स्वतः ही चूक केली आहे. स्लॅब एप्रिलमध्ये घातला, घरात लग्न होते, आणि चौथ्या दिवसापासून पाणी मारायला कोणाला सवड मिळाली नाही. आज त्या गच्चीवर बोट घासले की पांढरी भुकटी येते; मात्र ज्या कोपऱ्यात टाकीच्या गळक्या नळाचे पाणी महिनाभर ठिबकत होते, तिथे खिळ्यानेही नीट ओरखडा उठत नाही. सिमेंट एकच, मिस्त्री एकच, दिवसही एकच.

म्हणून स्लॅबवर आळी, म्हणजे छोटे बांध, बांधून चौदा दिवस पाणी भरून ठेवावे. उष्ण, कोरड्या हवेत अशा सिमेंटसाठी आयएस ४५६ हीच शिफारस करते. तुमच्याकडे तेवढ्या पाण्याची सोय उन्हाळ्यात नसेल, तर स्लॅब पावसाळ्यानंतर घाला, हा माझा आग्रह आहे.

पोलाद कारखान्यांच्या झोतभट्टीतील स्लॅगपासूनही (लोखंड वितळवताना निघणाऱ्या मळीपासून) सिमेंट बनते आणि त्यात स्लॅग ७० टक्क्यांपर्यंत असू शकतो. जमिनीत वा भूजलात सल्फेट जास्त असेल तिथे पायासाठी ते विशेष चांगले. तुमच्या दुकानदाराकडे ते नसेल, तर केवळ त्यासाठी लांबून गाडी मागवू नका.

एक शेवटची गोष्ट सेंटरिंगवाल्याला आधीच सांगून ठेवा. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (दोन आधारांमधील अंतराचे) टेकू सात दिवसांनी काढण्याचा जो हिशेब तो सांगेल, तो ओपीसीचा आहे. पीपीसीच्या स्लॅबखालचे टेकू मी स्वतः चौदा दिवसांच्या आत हलवू देत नाही, भाड्याचे आठवडाभराचे पैसे जास्त गेले तरी चालतील.