तुमचे प्रश्न: पॅम्प्लोनाचे बैल सोडून बास्कमध्ये काय बघायचं?

प्रश्न: नमस्कार. ऑगस्टमध्ये मी, मिस्टर आणि सासूबाई (वय 68, शुद्ध शाकाहारी, पायाने मात्र ठणठणीत) स्पेनच्या बास्क भागात जातोय, मुक्काम बिल्बाओला. तिकडचे उन्हाळी सण शोधायला बसलं की दहातले आठ रिझल्ट पॅम्प्लोनाच्या बैलांचे. बैल नकोत हो आम्हाला, गावातली माणसं स्वतःसाठी जे साजरं करतात ते बघायचंय. ते कळतं कुठून? आणि सासूबाई खाणार काय? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: बैलांचं टेन्शन सोडा ताई, सान फर्मिन, म्हणजे तो बैलांचा सण, 6 ते 14 जुलै, तुम्ही पोचाल तोवर तिकडचे रस्ते धुऊन झालेले असतात.

तुमचं खरं चुकतंय ते असं की तुम्ही सण शोधताय, आधी तारीख शोधा. तिकडे जवळपास प्रत्येक गावाची जत्रा गावाच्या संताच्या दिवसाला बांधलेली असते आणि तो दिवस काही कुणी हलवत नाही. 24 जून सान हुआन, 22 जुलै माग्दालेना, 25 जुलै सान्तियागो, 31 जुलै इग्नासिओ (आपलं झेवियर्स कॉलेज चालवणाऱ्या जेझुइट पंथाचा मूळ पुरुष, जन्म तिकडच्याच आस्पेइतियाजवळ लोयोलाचा), 15 ऑगस्ट मेरी, 16 ला सान रोके, आणि 8 सप्टेंबर म्हणजे बांद्र्याच्या माउंट मेरीचा जो दिवस तोच. या तारखांच्या आगेमागे चारपाच दिवस धरले की नकाशावर कुठे ना कुठे काहीतरी चालू असतंच. मग गावाचं नाव, पुढे स्पॅनिशमध्ये 'फिएस्तास' आणि चालू साल टाकून सर्च करा आणि जो रिझल्ट नगरपालिकेचा असेल तोच धरा, कारण बाकीच्या ट्रॅव्हल साइट्स बऱ्याचदा मागच्या वर्षीच्या तारखा तशाच ठेवतात.

एक घोळ आधीच सांगते, गावांना दोन दोन नावं आहेत आणि पाटीवर कधी हे तर कधी ते. सान सेबास्टियन म्हणजेच दोनोस्तिया, वितोरिया म्हणजेच गास्तेइझ, बिल्बाओ म्हणजे बिल्बो, पॅम्प्लोना म्हणजे इरुन्या. दोन्ही नावांनी शोधा नाहीतर अर्धी माहिती हातची जाईल, आणि बस स्टँडवर गोंधळ होईल तो वेगळाच.

दुसरी अडचण अशी की पूर्ण प्रोग्राम, म्हणजे कुठल्या चौकात किती वाजता काय, हा उशिरा बाहेर पडतो, छोट्या गावांचा तर अगदी तोंडावर. आणि तुम्हाला शेंगेन व्हिसासाठी हॉटेल बुकिंग त्याच्या कितीतरी आधी लागणार. म्हणून फुकट कॅन्सल होणारी बुकिंग करा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. तिकडे गेल्यावर टुरिस्ट ऑफिसमध्ये छापील प्रोग्राम मागून घ्या आणि बारच्या काचेवर चिकटवलेली पोस्टर्स वाचत चला, शेजारच्या गावची जत्रा बहुतेक तिथेच कळते.

तुमचा महिना मात्र मस्त आहे. ऑगस्टमध्ये तीन मोठ्या शहरांचे सण एकामागोमाग येतात: वितोरिया 4 ते 9, दोनोस्तियाचा मोठा आठवडा 15 तारखेच्या आसपास, आणि बिल्बाओचा 15 नंतरच्या पहिल्या शनिवारपासून 9 दिवस. बिल्बाओहून वितोरिया बसने तासाभराचं, दोनोस्तिया सव्वा तासाचं, त्यामुळे मुक्काम हलवायची गरज नाही.

वितोरियाला 4 तारखेलाच जा. संध्याकाळी 6 ला सान मिगेल चर्चच्या टॉवरवरून सेलेदोन नावाचा बाहुला, हातात छत्री उघडलेली, दोरीवरून खालच्या माणसांच्या डोक्यावरून सरकत समोरच्या बाजूच्या बाल्कनीत जातो, आणि दोन मिनिटांनी तिथूनच त्याच कपड्यातला, तशीच छत्री घेतलेला जिवंत माणूस बाहेर येतो आणि सगळी गर्दी तुडवत परत चर्चकडे निघतो. 1957 पासून चाललंय हे. चौकात पाय ठेवायला जागा नसते आणि अंगावर कावा नावाची फेसाळ वाइन उडते, त्यामुळे सासूबाईंना मधोमध नेऊ नका, चौकाच्या कडेला उभं करा आणि भारी साडी नको. दुसऱ्या दिवशी पहाटे देवीची, म्हणजे व्हर्जिन ब्लांकाची मिरवणूक असते ती शांत असते, माझ्या मते त्यांना तीच जास्त आवडेल.

दोनोस्तियाला रोज रात्री पावणेअकराच्या सुमारास समुद्रावर फटाक्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, लोक हातात आइस्क्रीम घेऊन बघतात, ती तिकडची रीतच आहे. शो संपला की सगळं गाव एकदम स्टेशनकडे वळतं, तर परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा.

आता बिल्बाओ. आस्ते नागुसिया हा सण आज दिसतो तसा 1978 मध्ये सुरू झाला, म्हणजे हुकूमशहा फ्रँको गेल्यावर, लोकांनी तो स्वतःच्या हातात घेतला तेव्हा. आरियागा थिएटरच्या बाल्कनीतून रॉकेट उडतं आणि मारिहाया नावाची बाई दिसते, गोल चेहऱ्याची, दोन्ही हात वर केलेली मोठी बाहुली, मारी पुरी एरेरो या चित्रकर्तीने घडवलेली, शेवटच्या रविवारी रात्री तिला जाळतात. सण चालवतात कोंपार्त्सा, म्हणजे अगदी आपली गणपती मंडळं समजा, प्रत्येकाचा नदीकाठी आरेनाल भागात आपापला स्टॉल, त्याला चोस्ना म्हणतात, आणि तिथे बसतात उठतात ती सगळी फुकट काम करणारी शहरातलीच पोरं. दुपारी जा, तेव्हा दगड उचलणारे, कुऱ्हाडीने ओंडके तोडणारे, जागच्या जागी कवनं रचून एकमेकांना टोले देणारे बेर्त्सोलारी बघायला मिळतील. गारगान्तुआ चुकवू नका, ताटासमोर बसलेला भलामोठा राक्षस, पोरं त्याच्या तोंडातून आत शिरतात आणि घसरगुंडीवरून मागून बाहेर. सणाच्या दिवसांत मेट्रो रात्रभर चालते, तर हॉटेल जुन्या शहरात महाग पडलं तर गेचोकडे मेट्रोलाइनवर बघा.

पण माझं ऐकाल तर एक दिवस तरी छोट्या गावाला द्या. उदाहरणार्थ बेर्मेओ, 22 जुलैला (तुमचं हुकणार, पण पुढच्या वेळी) सगळं गाव होड्यांतून इसारो बेटाकडे निघतं आणि तिथे महापौर समुद्रात एक कौल फेकतो, आमच्या घरांच्या पागोळ्या इथपर्यंत पोचतात, अर्थात हे बेट आमचं, असं सगळ्या शेजारच्या गावांना ठणकावून. कार्यक्रम एवढाच, पण गाव कळतं. सगळंच काही गोंडस नसतं म्हणा. लेकेइतिओला 5 सप्टेंबरला बंदरावर दोरीला मोठं बदक बांधून तरुण पोरं त्याच्या मानेला लोंबकळतात, पूर्वी जिवंत असायचं, आता नसतं, तरी सासूबाईंना नेऊ नका.

खाण्याचं. नुसतं 'सिन कार्ने' म्हणजे मटण नको म्हणालात की सँडविचमध्ये ट्यूना येतो, कारण मासा त्यांच्या हिशोबी मांस नाहीच (कोकणी माणसाला हे पटेल). म्हणून मांस, हॅम, मासा, ट्यूना चारही नको असं कागदावर स्पॅनिशमध्ये लिहूनच ठेवा. तालो मिळेल, मक्याच्या पिठाची भाजलेली भाकरी, त्यात नेहमी सॉसेज घालतात पण चीज किंवा चॉकलेटवाली मागता येते. बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाडं ऑम्लेट, सगळीकडे असते, अंडं चालत असेल तर. तळलेल्या गेर्निकाच्या मिरच्या, वर जाडं मीठ, त्या बिनधास्त खा. आणि बारमध्ये पिंचोच्या, म्हणजे काडीला टोचलेल्या छोट्या खाण्याच्या काउंटरवर ऑलिव्ह, मिरची दिसली म्हणून हात घालू नका, हिल्दा म्हणतात त्याला, त्या काडीला मधे मासा असतो. फोल्डिंग छत्री घ्या, तिकडचा पाऊस भुरभुर असतो पण येतो कधीही.

प्रश्न: आमच्या पोरांना सुट्टी मेमध्येच, जूनमध्ये शाळा. मे महिन्यात तिकडे काही असतं का, की नुसते म्युझियमच? – गिरगाव

उत्तर: जत्रांचा खरा हंगाम सान हुआनच्या आदल्या रात्री, 23 जूनला, चौकाचौकात होळ्या पेटतात तेव्हा उघडतो, म्हणजे आपल्याकडे रेनकोट बाहेर निघाल्यावर. पण मेमध्ये एक गोष्ट आहे जी टुरिस्ट लोक शोधतच नाहीत. बास्क भाषेत शिकवणाऱ्या शाळा, इकास्तोला, स्वतःसाठी पैसे उभे करायला दिवसभराचा मेळा भरवतात. बिल्बाओच्या बिस्काया प्रांतातला इबिलाल्दिया मेच्या शेवटच्या रविवारी, दरवर्षी वेगळ्या गावात, आणि फ्रान्सच्या बाजूला सेनपेरच्या तळ्याकाठी एर्री उर्रात्स, तोही मेमध्येच एका रविवारी. चालायचा मार्ग आखलेला असतो, वाटेत गाणी, नाच, खाणं, पोरांचे खेळ, आणि घरंच्या घरं आलेली. आपल्या मराठी शाळा वाचवायच्या चर्चा आपण व्हॉट्सअ‍ॅपवर करतो, जाऊ दे. सीमा ओलांडायला वेगळा व्हिसा लागत नाही, शेंगेनवरच होतं, फक्त रविवारी बसेस कमी असतात तेवढं आदल्या दिवशी बघून घ्या.