आर्किटेक्चरचा पहिला पोर्टफोलिओ करताय? आधी निम्मी कामं काढून टाका

घरं, शहरी रचना, शाश्वत बांधकाम, सगळंच दाखवायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण बारा कामं कोंबण्यापेक्षा चार-पाच नीट मांडा. सगळ्यात चांगलं पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटी.

सुरुवातीला एवढं पाहा:

- प्रत्येक प्लॅनवर उत्तर दिशा आणि स्केल (मापाचं प्रमाण).
- घराचा एक तरी सेक्शन, म्हणजे घर उभं कापलं तर आत काय दिसेल त्याचं चित्र. उजेड कुठून येतो, वारा कसा खेळतो, हे तिथेच कळतं.
- शहरी प्रकल्पात आजूबाजूचे रस्ते, इमारती, झाडं. कोऱ्या कागदावर तरंगणारी इमारत म्हणजे शहरी रचना नव्हे!
- गटात केलेल्या कामात तुमचा वाटा किती, ते स्पष्ट लिहा.

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते 'शाश्वत' या शब्दात. गच्चीवर हिरवळ रंगवली की झालं, असं वाटतं. मग कुणीतरी विचारतं, पश्चिमेच्या उन्हाचं काय केलंत? दुपारनंतर सूर्य खाली उतरतो, आडव्या छज्जाचा फारसा उपयोग होत नाही. तिथे उभे अडसर लागतात किंवा खिडकीच लहान करावी लागते. असा एकच निर्णय दाखवा, पण कारणासकट.

रेंडरची, म्हणजे संगणकावर केलेल्या हुबेहूब चित्रांची, चिंता सध्या नको. कोणती कामं निवडलीत, ते कळवा.