प्रसिद्ध लढाऊ वैमानिकावर एखादा मूकपट आहे का? आणि आवाजाशिवाय विमानांची लढाई रंगते का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: हो. पहिल्या महायुद्धात ८० विमानं पाडणारा 'रेड बॅरन', म्हणजे मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन, याच्यावर १९२७ साली जर्मनीत मूकपट निघाला. पण तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. त्यासाठी त्याच वर्षीचा अमेरिकन 'विंग्ज' बघा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं ऑस्कर मिळालं ते याच सिनेमाला. त्यातले दोघे वैमानिक मित्र काल्पनिक आहेत, खरा लढाऊ वैमानिक होता दिग्दर्शक विल्यम वेलमन. हा माणूस युद्धात फ्रेंचांच्या बाजूने उडाला होता, विमानविरोधी तोफांनी त्याचं विमान पाडलं तरी जगला.

चित्रीकरण टेक्सासमध्ये, सॅन अँटोनिओच्या परिसरात. सैन्यदलाने विमानं दिलेली, हजारो सैनिक दिलेले, ऊन लख्ख पडलेलं, आणि हा गडी ढग येण्याची वाट बघत बसलेला! खर्चाचे आकडे बघून स्टुडिओवाल्यांच्या पोटात गोळा आला असणार. पण त्याचं बरोबर होतं. निरभ्र आभाळात फिरणारी घार आठवा. ती किती उंच आहे, किती वेगात आहे, काही अंदाज लागत नाही. तीच ढगासमोरून गेली की लगेच कळतं. विमानाचंही तसंच. ढग मागे सरकताना दिसले की वेग डोळ्यांना जाणवतो, मग इंजिनाची घरघर ऐकू आली नाही तरी चालतं.

दुसरी गंमत चेहऱ्यांची. कॅमेरे विमानालाच बसवलेले, नटाच्या अगदी तोंडासमोर. रिचर्ड आर्लेनला विमान चालवता येत होतं, चार्ल्स रॉजर्स मात्र शूटिंगच्या काळात शिकला. वर गेल्यावर सोबतचा वैमानिक खाली वाकून दडायचा आणि नट स्वतःच कॅमेरा सुरू करायचा. म्हणजे वैमानिक तोच, नट तोच, कॅमेरामनही तोच. त्याच्या तोंडावर आदळणारा वारा खरा आहे. विमान कोसळण्याच्या एका दृश्यात डिक ग्रेस या स्टंटमनची तर मान मोडली.

सगळंच काही थोर नाही हां. पॅरिसमधला दारूच्या बुडबुड्यांचा विनोद ताणलाय, आणि क्लारा बोसारखी झकास नटी घेऊन तिला करायला फारसं काही दिलेलं नाही. सिनेमा दोन तासांहून बराच मोठा आहे, त्यामुळे तिथे खुशाल चहा टाकून या.

मात्र तंबूतल्या प्रसंगाला जागचे हलू नका. तरुण गॅरी कूपर जेमतेम दोन-तीन मिनिटं दिसतो. चॉकलेटचा एक घास घेतो, उरलेलं तिथेच टाकतो आणि हसत उड्डाणाला निघून जातो. त्या अर्धवट चॉकलेटवर नजर ठेवा.